आजाराची माहिती कोणाकडे जावी, कोणाकडे जाऊ नये? रुग्णाची गोपनीयता समजून घ्या

थोडक्यात
- गोपनीयता म्हणजे माहिती कुलूपबंद ठेवणे नव्हे. ती योग्य माणसाकडे, योग्य अटीवर जाणे म्हणजे गोपनीयता.
- हा विचार माहितीशास्त्राच्या प्राध्यापक हेलन निसेनबॉम यांनी मांडला. रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही तो रोज उपयोगी पडतो.
- नुसते नाव खोडल्याने रुग्णाची ओळख लपत नाही. नुसती सही घेतल्याने खरी संमती मिळत नाही.
- तुमचे केसपेपर, रिपोर्ट आणि संमती यांबाबत भारतीय कायद्याने तुम्हाला ठरावीक हक्क दिले आहेत.

गोपनीयता हा उपचाराचाच भाग आहे

डॉक्टरांसमोर बसलेला माणूस घरातही न सांगितलेल्या गोष्टी सांगतो. दारू किती घेतो, पाळी किती दिवस चुकली, मनात मरणाचे विचार येतात का, पूर्वी कोणता आजार होऊन गेला. ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही अशी खात्री असते म्हणूनच तो बोलतो. ती खात्री गेली की रुग्ण गप्प होतो किंवा अर्धवट सांगतो.

अर्धवट माहितीवर केलेला उपचार धोक्याचा ठरू शकतो. तीन उदाहरणे पाहा.

- मानसिक आजारासाठी लिथियम चालू आहे, पण 'लोक काय म्हणतील' म्हणून रुग्ण ते सांगत नाही. गुडघेदुखीसाठी काही प्रकारच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या तर रक्तातील लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते.
- लैंगिक समस्येसाठी सिल्डेनाफिल घेतल्याचे एखादा पुरुष लाजेने लपवतो. छातीत दुखते म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवली तर त्याचा रक्तदाब एकदम कोसळू शकतो.
- पूर्वी क्षयरोगाचे उपचार अर्धवट सोडले होते, हे रुग्ण सांगत नाही. त्यामुळे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाची शंका वेळेवर येत नाही.

म्हणून गोपनीयतेकडे फक्त सभ्यतेचा किंवा कायद्याचा प्रश्न म्हणून पाहू नका. रोगनिदान बरोबर येण्यासाठी ती लागतेच.

माहिती वाहणारच, प्रश्न आहे तो वाटेचा

हेलन निसेनबॉम या न्यूयॉर्कमधील कॉर्नेल टेक या संस्थेत माहितीशास्त्राच्या प्राध्यापक आहेत. त्यांचे मूळ शिक्षण तत्त्वज्ञानाचे. २००४ मधील एका लेखात आणि पुढे २०१० मध्ये 'प्रायव्हसी इन काँटेक्स्ट' या पुस्तकात त्यांनी गोपनीयतेची वेगळी व्याख्या मांडली. तिला त्या 'काँटेक्स्च्युअल इंटिग्रिटी' म्हणतात. आपण तिला 'संदर्भाची मर्यादा राखणे' म्हणू.

त्यांचे म्हणणे असे: माहिती 'खासगी' आणि 'सार्वजनिक' अशा दोन डब्यांत विभागता येत नाही. तीच माहिती एका ठिकाणी सांगणे योग्य असते आणि दुसऱ्या ठिकाणी अन्याय ठरते. दवाखाना, घर, कचेरी, बँक, शाळा अशा प्रत्येक ठिकाणी माहितीच्या देवाणघेवाणीचे रूढ नियम असतात. त्या नियमांप्रमाणे माहिती गेली तर कोणाची तक्रार नसते. ते मोडले की आपल्याला फसवल्यासारखे वाटते.

एखादी माहिती पुढे जाणे योग्य की अयोग्य हे तपासण्यासाठी त्यांनी पाच गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत.

१. माहिती कोणाविषयी आहे?
२. ती कोण देत आहे?
३. ती कोणाला मिळत आहे?
४. ती कशा प्रकारची आहे?
५. ती कोणत्या अटीवर दिली जात आहे? (गुप्त ठेवण्याच्या, संमतीच्या, कायद्याच्या सक्तीच्या, की पैशाच्या?)

यातील एक गोष्ट जरी बदलली तरी उत्तर बदलू शकते.

एकच रिपोर्ट, पाच वाटा

समजा, तुमच्या थुंकीच्या तपासणीत क्षयरोगाचे जंतू सापडले. आता हा रिपोर्ट कुठे कुठे जाऊ शकतो ते पाहा.

- लॅबमधून तुमच्या डॉक्टरांकडे: योग्य. त्यासाठीच तपासणी केली.
- डॉक्टरांकडून सरकारी क्षयरोग विभागाकडे: योग्य. क्षयरोगाची नोंद सरकारला कळवणे २०१२ पासून बंधनकारक आहे आणि खासगी डॉक्टरांनाही ते लागू आहे. येथे तुमच्या संमतीची अट नाही, पण माहिती फक्त आरोग्य यंत्रणेपुरतीच वापरायची असते.
- घरातल्या माणसांकडे: जवळ राहणाऱ्यांची तपासणी आवश्यक असते, विशेषतः लहान मुलांची. पण ही गोष्ट तुम्हाला विश्वासात घेऊन, शक्यतो तुमच्याच तोंडून कळावी.
- तुमच्या मालकाकडे: डॉक्टरांनी परस्पर कळवणे अयोग्य. रजेसाठी 'अमुक दिवस विश्रांतीची गरज आहे' इतके प्रमाणपत्र बहुतेक वेळा पुरते.
- सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर: सर्वस्वी अयोग्य. 'सगळ्यांच्या काळजीपोटी' टाकले तरीही.

रिपोर्ट तोच, आजार तोच. फक्त घेणारा आणि अट बदलली. 'मी काही खोटे सांगितले नाही' हा बचाव म्हणूनच चालत नाही. खरी माहितीसुद्धा चुकीच्या वाटेने गेली की माणसाची नोकरी, लग्न किंवा भाड्याचे घर जाऊ शकते.

रूढ नियमच चुकीचे असतील तर?

'आमच्याकडे असेच चालते' हे नेहमीच बरोबर असते का? नाही. निसेनबॉम यांच्या मांडणीत रूढ नियम ही फक्त सुरुवात आहे. तो नियम त्या ठिकाणाच्या मूळ हेतूला मदत करतो का आणि माणसाचे स्वातंत्र्य व समानता राखतो का, हे पुढे तपासावे लागते. दवाखान्याचा मूळ हेतू रुग्णाचे भले हा आहे.

या कसोटीवर आपल्याकडच्या काही सवयी टिकत नाहीत.

- कर्करोगाचे निदान आधी मुलाला सांगितले जाते आणि आईला 'गाठ आहे, काढून टाकू' एवढेच कळते. हेतू मायेचा असतो. पण उपचार तिच्या शरीरावर होणार असतात. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे हे आधी त्यालाच विचारावे. 'सगळे माझ्या मुलाशी बोला' असे आईने स्वतः सांगितले, तर तो तिचा निर्णय आहे आणि तो पाळावा.
- सुनेचे रिपोर्ट सासूच्या किंवा नवऱ्याच्या हाती दिले जातात. प्रौढ स्त्री ही स्वतः रुग्ण आहे. रिपोर्ट तिचा आहे. कायदेशीर गर्भपातासाठीसुद्धा १८ वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही.
- ओपीडीत एका रुग्णाला तपासताना पुढचे दोघे दारात उभे असतात. गर्दी खरी असते, पण एक पडदा आणि हळू आवाज यांना फारसा खर्च येत नाही.

नाव खोडले म्हणजे ओळख गेली का?

'आम्ही नाव काढून माहिती देतो' असे आश्वासन संशोधनात, विम्यात आणि अ‍ॅपवर नेहमी मिळते. ते किती पक्के असते, हे १९९७ मध्ये लटानिया स्वीनी यांनी दाखवले. त्या तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये विद्यार्थिनी होत्या. आज हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक आहेत.

मॅसॅच्युसेट्स राज्याच्या एका सरकारी विमा मंडळाने कर्मचाऱ्यांच्या उपचारांची माहिती नावे काढून संशोधकांना दिली होती. त्यात जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा झिप कोड मात्र तसाच होता. स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या जुळवून पाहिल्या. राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले त्या यादीत सहाच जण होते. त्यांपैकी पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या झिप कोडमध्ये राहणारा एकच. अशा रीतीने खुद्द गव्हर्नरांची वैद्यकीय नोंद ओळखता आली.

पुढे १९९० च्या जनगणनेच्या आधारे त्यांनी अंदाज मांडला की जन्मतारीख, लिंग आणि झिप कोड या तीन गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक वेगळे ओळखता येतील. नंतरच्या एका अभ्यासात हा आकडा सुमारे ६३ टक्के आला. तोही लहान नाही.

आपल्याकडे हा धोका आणखी साधा आहे. एखाद्या गावातील 'वय ३४, शिक्षिका, दुर्मीळ त्वचारोग' एवढे लिहिले तरी अख्ख्या गावाला नाव कळते. डोळ्यांवर काळी पट्टी लावलेला फोटो नातेवाईक सहज ओळखतात. म्हणून रुग्णाची ओळख पटू शकेल असा फोटो किंवा केस त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करण्यास डॉक्टरांच्या आचारसंहितेत मनाई आहे.

'आय अ‍ॅग्री' दाबले म्हणजे संमती दिली का?

अ‍ॅप उघडताना येणारा लांबलचक मजकूर तुम्ही पूर्ण वाचता का? जवळजवळ कोणीच वाचत नाही. निसेनबॉम यांनी २०११ मध्ये यातील पेच नेमका दाखवला. माहितीचे काय होणार हे सविस्तर लिहिले तर कोणी वाचत नाही किंवा समजत नाही. थोडक्यात लिहिले तर खरा महत्त्वाचा तपशील, म्हणजे माहिती पुढे कोणाला जाते, तोच गळतो. त्यामुळे नुसत्या 'सूचना आणि संमती'च्या जोरावर गोपनीयता राखता येत नाही.

पाळीची नोंद ठेवणाऱ्या 'फ्लो' या अ‍ॅपचे उदाहरण घ्या. स्त्रियांची आरोग्यविषयक माहिती खासगी ठेवण्याचे वचन देऊनही ती फेसबुक व गुगलसह इतर कंपन्यांच्या सेवांना पुरवल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. २०२१ मध्ये या प्रकरणी तडजोड झाली. येथे रुग्णालयांना लागू असलेला अमेरिकेतला गोपनीयता कायदा कामाला येत नव्हता, कारण असे अ‍ॅप रुग्णालय नसते. पाळीची तारीख डॉक्टरांना सांगणे आणि अ‍ॅपमध्ये भरणे आपल्याला सारखेच वाटते. पण माहिती घेणारा वेगळा असतो आणि अटही वेगळी असते.

हेतू चांगला असला तरी वाट चुकू शकते. लंडनमधील रॉयल फ्री रुग्णालय समूहाने मूत्रपिंडाचा अचानक बिघाड लवकर ओळखणारे अ‍ॅप तपासून पाहण्यासाठी सुमारे १६ लाख रुग्णांची माहिती गुगलच्या डीपमाइंड या कंपनीला दिली. आपली माहिती अशी वापरली जाईल हे रुग्णांना पुरेसे सांगितलेले नव्हते. २०१७ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी यात माहिती-संरक्षण कायद्याचे पालन झाले नसल्याचा निर्णय दिला.

माझी माहिती, पण फक्त माझी नाही

जनुकीय तपासणीत हा प्रश्न सर्वांत ठळक होतो. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारे बीआरसीए जनुकातील दोष तुमच्यात सापडले, तर तुमच्या बहिणीत आणि मुलांतही ते असण्याची शक्यता कळते. त्यांनी तर संमती दिलेलीच नसते. सोलोन बॅरोकास आणि निसेनबॉम यांनी २०१४ च्या लेखात हाच मुद्दा व्यापक केला. थोड्या लोकांनी दिलेल्या माहितीवरून, काहीही न सांगणाऱ्या बाकीच्यांविषयीही अंदाज बांधता येतो. म्हणून 'ज्याची माहिती त्याचा निर्णय' एवढे सूत्र पुरत नाही. समाजाने मिळून नियम करावे लागतात.

जनुकीय तपासणीपूर्वी समुपदेशन घ्यावे, ते यासाठीच. रिपोर्टमध्ये काय येऊ शकते आणि ते घरात कोणाला सांगावे लागेल, हे तपासणीच्या आधीच ठरवा.

भारतातील कायदा काय सांगतो?

- मूलभूत हक्क: २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले.
- डॉक्टरांची आचारसंहिता, २००२: रुग्णाची गुपिते राखणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. आंतररुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावे लागतात. रुग्णाने मागितल्यास नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात.
- एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७: समजावून घेतलेल्या संमतीशिवाय एचआयव्ही तपासणी करता येत नाही आणि निकाल इतरांना सांगता येत नाही. जोडीदाराला सांगण्याबाबत ठरावीक अटी आहेत. आधी रुग्णाचे समुपदेशन करावे लागते.
- मानसिक आरोग्य कायदा, २०१७: मानसिक आजार, त्याचे उपचार आणि नोंदी गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला आहे.
- गर्भपात कायदा, २०२१ ची दुरुस्ती: गर्भपात केलेल्या स्त्रीचे नाव व तपशील कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय कोणालाही सांगणे हा गुन्हा आहे.
- डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३: माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घेणे, ती मागे घेण्याची सोय देणे आणि माहिती सुरक्षित ठेवणे ही संस्थांची जबाबदारी आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

गोपनीयतेला अपवाद कोणते?

न्यायालयाचा आदेश, कायद्याने कळवायचे आजार आणि एखाद्या ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका, हे आचारसंहितेतील मुख्य अपवाद आहेत. बेशुद्ध रुग्णाचा जीव वाचवण्यासाठी माहिती द्यावी-घ्यावी लागते, हेही उघड आहे. मात्र अपवादातही गरजेपुरतीच माहिती द्यायची असते, सगळी फाईल नव्हे.

तुम्ही काय करावे?

१. डॉक्टरांपासून लपवू नका. अवघड वाटत असेल तर 'मला एकट्याने बोलायचे आहे' असे स्पष्ट सांगा. सोबत आलेल्यांना बाहेर थांबवण्याची विनंती करणे हा तुमचा हक्क आहे.
२. 'हे कागदावर लिहिणार का, ते कोण पाहील?' असे विचारा. या प्रश्नाने चांगला डॉक्टर रागावत नाही.
३. लॅबमध्ये स्वतःचा मोबाईल नंबर द्या. शेजाऱ्याच्या किंवा भाच्याच्या नंबरवर गेलेला रिपोर्ट परत घेता येत नाही.
४. कंपनीच्या आरोग्य तपासणीआधी पूर्ण रिपोर्ट कंपनीला जाणार की फक्त 'कामास योग्य' एवढा शेरा, हे विचारून घ्या.
५. आभा क्रमांक: १४ अंकी आभा क्रमांक काढणे ऐच्छिक आहे. त्याद्वारे नोंदी कोणाला, कशासाठी आणि किती काळ दाखवायच्या हे संमती देताना पाहा. ही संमती नंतर मागे घेता येते.
६. रिपोर्ट ग्रुपवर टाकू नका. दुसऱ्या डॉक्टरांचे मत हवे असल्यास थेट त्यांनाच पाठवा. एआय चॅटबॉटला रिपोर्ट देण्याआधी नाव, नंबर, पत्ता काढा. तरीही ती जागा दवाखाना नाही हे ध्यानात ठेवा.
७. जुन्या फाईली रद्दीत देण्याआधी नाव-पत्त्याचा भाग फाडा. मात्र डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी आणि बायोप्सीचे रिपोर्ट कायम जपा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

विमा काढताना आजार लपवला तर चालेल का?
नाही. विमा हा वेगळा संदर्भ आहे. तेथे विचारलेली आरोग्याची माहिती खरी देणे हा कराराचाच भाग आहे. लपवल्यास ऐन गरजेच्या वेळी दावा नाकारला जाऊ शकतो. मात्र विमा कंपनीला दिलेली माहिती इतरत्र वापरली जाऊ नये, अशी अपेक्षा तुम्ही नक्की ठेवू शकता.

लग्नाआधी मुलाचा किंवा मुलीचा आजार डॉक्टरांना विचारता येईल का?
विचाराल, पण डॉक्टरांनी सांगू नये. दोघांनी एकमेकांच्या संमतीने तपासण्या करून रिपोर्ट परस्परांना दाखवावेत. थॅलेसेमियाची तपासणी याच मार्गाने करणे चांगले.

माझी माहिती बाहेर फुटली, तक्रार कुठे करू?
आधी रुग्णालयाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. डॉक्टरांविरुद्धची तक्रार महाराष्ट्र किंवा गोवा वैद्यकीय परिषदेकडे करता येते. एचआयव्हीसंबंधी तक्रारीसाठी कायद्याने लोकपालाची आणि मानसिक आरोग्यासंबंधी तक्रारीसाठी पुनरावलोकन मंडळाची तरतूद केली आहे. फोटो किंवा रिपोर्ट समाजमाध्यमांवर पसरला असेल तर स्क्रीनशॉट जपून सायबर पोलिसांकडे जा.

लक्षात ठेवा

कोणी तुमच्या आजाराची माहिती मागितली की पाच प्रश्न आठवा: कोणाविषयी, कोण देतो, कोणाला, कोणती, कोणत्या अटीवर. हेच प्रश्न शेजाऱ्याच्या आजाराची बातमी पुढे पाठवताना स्वतःलाही विचारा. त्याच्यावर दया म्हणून पाठवलेला संदेशही त्याला पुढच्या वेळी दवाखान्यात जाण्यापासून थांबवू शकतो.

*ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमच्या विशिष्ट अडचणीसाठी तुमच्या डॉक्टरांशी किंवा वकिलांशी बोला.*